लेखकाची दोरी

तीर्थरूप ताई,

माझी पाठ धरली आहे म्हणून अर्धाच वाकून नमस्कार करतो. उरलेला अर्धा भेटीअंती. तुझा डावा गुडघा कसा आहे? (मागच्या वेळी डावाच होता ना? उजवा असेल तर उजव्याची चौकशी केली असं समज.) डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं आहे तर चढू नकोस. तुमच्या इमारतीतली लिफ्ट थांबताना हिसका देते ती ब्रेकच्या पट्ट्या झिजल्यामुळे, हे तिथल्या मेकॅनिकला सांग, पण तुझा भाऊ बत्तीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करत होता हे सांगू नकोस, त्या लोकांना राग येतो. इकडे आम्ही दोघं उत्तम. तुझी भावजय तर उत्तमाहूनही उत्तम, कारण चार महिन्यांनी तिचा झाडू आज पलंगाखाली पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचला. पलंगाखालचे खोके गेले, ताई!

खोके गेले म्हणजे काय, तुझ्या लक्षात आलं का? संपलं! पुस्तक संपलं! 'दोन मजल्यांच्या मधोमध' या माझ्या पुस्तकाची पाचशेवी प्रत आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेली आणि पहिली आवृत्ती संपली. मी हे पत्र प्रकाशक बाईंच्या टेबलावर बसून लिहितो आहे, त्या समोर कागदवाल्याशी फोनवर बोलताहेत. तुला फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच थांबवतेस, आणि ही हकीकत मधे थांबवण्याजोगी नाही. तेव्हा चष्मा लाव, पाय स्टुलावर ठेव आणि वाच.

पुस्तक लिहिणं सोपं होतं. बत्तीस वर्षांत लिफ्टमध्ये अडकलेली जी माणसं मी बाहेर काढली त्यांच्या गोष्टी फक्त उतरवायच्या होत्या. अवघड भाग सुरू झाला तो छापून आल्यावर. प्रकाशक बाईंचा छापखाना दोन खोल्यांचा. एका खोलीत यंत्र, दुसरीत त्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला खुर्चीवर बसवून स्पष्ट सांगितलं, "पुस्तक छापणं हे माझं काम, पण ते लोकांच्या हातात जाणं हे आपल्या दोघांचं काम, आणि माझ्या दोन हातांपैकी एक कायम यंत्रात असतो." मी घरी आलो आणि विचार केला, आपल्याला आयुष्यात येतं काय? देखभाल येते. लिफ्ट तक्रार करो न करो, दर महिन्याला जाऊन तेल घालायचं, कुलपं तपासायची, वहीत नोंद करायची. मग पुस्तकाचीही तशीच देखभाल करायची! मी भिंतीवर तक्ता लावला. सोमवार ग्रंथालय, मंगळवार दुकानं, बुधवार पत्रं लिहिणं, गुरुवार शाळा-कचेऱ्या, शुक्रवारी लिफ्टा (त्या कशा ते पुढे येईल), शनिवारी आठवड्याची नोंद, रविवारी तुझ्या भावजयीशी बोलणं. शेवटचं कलम तिने स्वतःच्या हाताने लिहिलं.

तक्ता झाला, पण प्रकाशन समारंभातच माझी फजिती झाली. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचं सभागृह मिळालं होतं. साठ खुर्च्या, त्यातल्या बावीस भरलेल्या. निवृत्त प्राचार्य पाहुणे म्हणून आले होते. ते बोलायला लागले, माझी स्तुतीही करायला लागले, आणि नेमका तेव्हा मला भिंतीपलीकडून लिफ्टचा आवाज आला. कुईं, मग टक्. कुईं, मग टक्. ताई, तो ब्रेक मरत होता! इकडे ते मला यंत्रयुगाचा संवेदनशील साक्षीदार म्हणत होते आणि तिकडे मला त्या टक् शिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी दोन मिनिटांत येतो असं तुझ्या भावजयीच्या कानात सांगून सटकलो. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेलो, वॉचमनकडून पाना घेतला, ब्रेक घट्ट केला आणि चाळीस मिनिटांनी कोपरापर्यंत ग्रीस माखून खाली आलो. तोवर पुस्तकाचं प्रकाशन तुझ्या भावजयीच्या हस्ते होऊन गेलं होतं. एवढंच नाही, तिने लेखकाचं मनोगतही व्यक्त केलं होतं, आणि लोक म्हणतात ते फार छान झालं. पहिल्या दिवशी गेलेल्या बारा प्रतींवर सही तिची आहे.

मंगळवार दुकानांचा. चौकातलं मोठं पुस्तकांचं दुकान तुला आठवत असेल. तिथले मालक गळ्यात दोरीने चष्मा अडकवून असतात आणि मुळीच बोलत नाहीत. त्यांनी पाच प्रती ठेवून घेतल्या. पुढच्या मंगळवारी जाऊन बघतो तर माझं पुस्तक 'यंत्रे व दुरुस्ती' या फळीवर, पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तकांशेजारी! मी इकडेतिकडे पाहिलं, पाचही प्रती उचलल्या आणि कथांच्या फळीवर नेऊन ठेवल्या. पुढच्या मंगळवारी त्या परत पंपांकडे. मी पुन्हा कथांकडे. असे सात मंगळवार गेले. ते बघायचे, मी बघायचो, नमस्कार व्हायचा, कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढायचं नाही. आठव्या मंगळवारी मात्र ते पहिल्यांदा बोलले. "काल एका विद्यार्थ्याने एक प्रत नेली," ते म्हणाले, "आणि आज परत आणून दिली. म्हणाला, आत एकही आकृती नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी लपवलं आहे. मी पाचही प्रती पुन्हा कथांकडे नेल्या. माघार घेणं तक्त्यात नव्हतं.

सोमवारचं ग्रंथालय म्हणजे तर चिकाटीची परीक्षाच. ग्रंथपाल बाई शांत, सौम्य. पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाल्या, खरेदी समितीची बैठक व्हायची आहे, पुढच्या सोमवारी या. पुढच्या सोमवारी म्हणाल्या, समितीतले एक जण गावाला गेलेत. त्याच्या पुढच्या सोमवारी ते परत आले होते, पण दुसरे गेले होते. मी जातच राहिलो. कधी दहा मिनिटं बसायचो, कधी त्यांचं खुर्चीचं डुगडुगणारं चाक बसवून द्यायचो, एकदा कपाटाचं कुलूप उघडून दिलं. लोक म्हणतील लाळघोटेपणा. पण खरं सांगू, डुगडुगणारी वस्तू बघून माझ्याने बसवत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. असे अकरा सोमवार मोजून झाले.

आता शुक्रवारच्या लिफ्टा. ही कल्पना मला दाढी करताना सुचली आणि आनंदाच्या भरात मी गाल कापून घेतला. माणूस पुस्तक केव्हा वाचतो? त्याला दुसरं काही करता येत नाही तेव्हा. आणि दुसरं काहीही करता येत नाही अशी जागा माझ्याइतकी कोणाला माहीत आहे? ज्या आठ इमारतींच्या लिफ्टा मी वर्षानुवर्षं सांभाळल्या तिथल्या वॉचमनना भेटलो, आणि प्रत्येक लिफ्टमध्ये हात धरायच्या दांडीला एकेक प्रत दोरीने बांधून टाकली. पुस्तकाच्या कोपऱ्याला भोक, त्यातून दोरी, उंच माणसालाही पुस्तक डोळ्यांजवळ नेता यावं इतकी लांब, आणि वर वीतभर जास्तीची. (मेकॅनिकचा स्वभाव. कुठलीही तार किंवा दोरी आम्ही नेमकी कापतच नाही, पुढेमागे लागली तर म्हणून सोडतो.) वर एक पाटी लावली, 'अडकलात तर वाचा.' शेवटच्या पानावर छापखान्याचा पत्ता आणि फोन. दर शुक्रवारी फेरी मारून पानं फाटली का, दोरी झिजली का ते बघायचो. तीन महिन्यांत त्यातून फार तर चौदा-पंधरा प्रती गेल्या असतील. पण लोक मला जिन्यात थांबवून विचारायला लागले होते की पुस्तकातल्या त्या बेकरीवाल्याच्या केकचं शेवटी काय झालं, कारण त्यांचा मजला यायचा आणि गोष्ट अर्धी राहायची. मी म्हणायचो, छापखान्यात मिळेल.

आता बसलीस का नीट? मागच्या महिन्यातला शुक्रवार. बाजारपेठेतली सात मजली कचेऱ्यांची इमारत, एकोणीस वर्षं जिथली लिफ्ट मी पाहिली. दुपारचे बारा. मी खाली वॉचमनशी बोलतो आहे, आणि वर कुठेतरी ठक् असा आवाज होऊन लिफ्ट थांबली. थांबली ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे! (पुस्तकाच्या नावाबरहुकूम. मी तेव्हा हे कोणाला बोलून दाखवलं नाही.) आत पाच माणसं. तिसऱ्या मजल्यावर धावत गेलो तर आतून कोणीतरी दारावर दोन्ही हातांनी बडवत होतं. ते विमा कचेरीतले एक गृहस्थ, देह भला थोरला आणि बंद जागेची भीती. हवा संपली, हवा संपली असं ओरडत होते. बाकीचेही त्यांचं ऐकून घाबरायला लागले होते.

तेवढ्यात इमारतीचे व्यवस्थापक आले. हे साहेब नवे आहेत, टाय लावतात, आणि मला ओळखतात ते फक्त पुस्तक टांगणारा माणूस म्हणून. मी वर जायला निघालो तर त्यांनी हात आडवा घातला.

"तुम्ही निवृत्त आहात ना? मग यंत्राला हात लावायचा नाही. मी कंपनीत फोन करतो."

फोन लागला. माझ्या जागी आलेला मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला एका रुग्णालयाच्या लिफ्टवर होता, यायला दीड तास लागणार होता. साहेबांनी फोनवर सांगितलं की इथे एक म्हातारे गृहस्थ उगाच मधे मधे करताहेत. पलीकडून तो एवढ्या मोठ्याने बोलला की मला ऐकू आलं. "काका तिथे आहेत? मग मला कशाला फोन केलात?" ताई, त्या वाक्यासाठी मी त्याच्या सगळ्या जुन्या चुका माफ केल्या.

पण वर जाण्याआधी आतल्या गृहस्थांना शांत करणं भाग होतं, नाहीतर त्यांचं काही बरंवाईट व्हायचं. मी दाराच्या फटीला तोंड लावून सांगितलं, की छताला जाळी आहे, हवा बाहेर आहे तेवढीच आत आहे, लिफ्ट चार दोरांवर लटकलेली आहे आणि त्यातला एकसुद्धा तुम्हा सगळ्यांना पेलतो. बडवणं चालूच. शेवटी मी म्हटलं, "दांडीला पुस्तक बांधलंय. कोणीतरी मोठ्याने वाचा. पान एकवीस." थोडी खुडबुड झाली, मोबाईलचा उजेड फटीतून दिसला, आणि एका बाईंचा आवाज आला. नंतर कळलं की त्या पाचव्या मजल्यावरच्या वकिलांकडे टंकलेखन करतात आणि दिवसभर दस्तऐवज मोठ्याने वाचून ताडून बघणं हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांनी माझी गोष्ट अशी सुरू केली, "बेकरीवाला तीन मजली केक घेऊन लिफ्टमध्ये शिरला स्वल्पविराम आणि लिफ्ट बंद पडली पूर्णविराम. नवीन परिच्छेद."

बडवणं थांबलं. मी तिथून हलायला हवं होतं, पण ऐकत उभा राहिलो. तीन महिने मी हे पुस्तक इकडून तिकडे वाहून नेलं, बांधलं, सोडलं, टांगलं. पण परक्या माणसाच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. बाई एकाही शब्दाला भाव देत नव्हत्या. उद्गारचिन्हसुद्धा त्या खरेदीखतासारखं वाचत होत्या. आणि तरीही चौथ्या-पाचव्या वाक्याला आतून कोणीतरी हसलं! मग दुसरं कोणीतरी. मग एक घोगरा, घाबरलेला, मोठा आवाज म्हणाला, "थांबा, केक कितव्या मजल्याला द्यायचा होता?" ते विमावाले होते. मी वॉचमनला हाताला धरून वर ओढलं. तिसऱ्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक मजल्यावर दम लागल्याचं निमित्त करून थांबलो आणि लिफ्टच्या दाराला कान लावला. पाचव्यापर्यंत शब्द कळत होते. सहाव्यावर नुसतं हसणं. सातव्यावर काहीच नाही, आणि मग मात्र मी पळालो.

मशीनच्या खोलीत मुख्य स्विच बंद केला, वॉचमनला ब्रेकचा दांडा धरायला लावला आणि चाक हाताने फिरवत लिफ्ट इंच इंच खाली तिसऱ्याला आणली. पाठ तेव्हा धरली ती आजतागायत. खाली आलो तर काय? दार उघडलेलं, लिफ्ट मजल्याला बरोबर लागलेली, आणि पाचांपैकी एकही माणूस बाहेर यायला तयार नाही! साहेब बाहेर या, बाहेर या म्हणून हातवारे करताहेत, जिन्यावरून आलेले दहा-बारा जण बघताहेत, आणि विमावाले आतूनच त्यांना म्हणतात, "अहो, दोन पानं राहिलीत!" मग बाहेरचेही लोक पुढे सरकले आणि बाईंनी उरलेली दोन पानं सर्वांसाठी वाचली. (केकचा खालचा थर मागच्या बाजूने खाऊन चांगली बाजू पुढे फिरवून ठेवतात, त्या जागेला टाळी पडली, ताई. स्वल्पविरामासकट.)

टाळी विरली तसे साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी 'अडकलात तर वाचा' या पाटीकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हे सगळं तुम्हीच घडवून आणलंत. पुस्तक खपवायला लिफ्ट बंद पाडलीत."

बत्तीस वर्षांत माझ्या कामाकडे असं बोट कोणी दाखवलं नव्हतं. मी तोंड उघडण्याआधीच विमावाले पुढे झाले. मघाशी ज्यांना श्वास घेता येत नव्हता त्यांनी एका श्वासात साहेबांचा असा समाचार घेतला की काय सांगू; या माणसाने आम्हाला सोडवलं, आणि तुम्ही उभे राहून टाय सारखा करत होता. बाकीचेही तुटून पडले. मी आपला त्या गोंधळातून बाजूला झालो आणि सवयीने लिफ्ट का थांबली ते शोधायला लागलो. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप उघडलं. आणि आत, ताई, पट्टी आणि चाकाच्या मधे घट्ट अडकलेली, वीतभर लांबीची, पांढरी सुती दोरी.

माझी दोरी! ती जास्तीची सोडलेली वीत. खाली लोंबता लोंबता फटीतून बाहेर गेली, कुलपाच्या चाकात अडकली, कुलूप सुटलं (आणि दाराचं कुलूप सुटलं की लिफ्ट आहे तिथेच थांबते), लिफ्ट थांबली. मी ती दोरी काढली आणि मुठीत धरली. कोणाचं लक्ष नव्हतं. मागे साहेब नरमले होते, "बरं बाबा, चुकलं माझं" असं म्हणतही होते. मूठ खिशात घातली असती तर मी त्या दिवशीचा नायक होऊन जिना उतरलो असतो. मी खोटं सांगत नाही, मूठ खिशापर्यंत गेली होती. पण मी त्या कुलपाकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात माझ्या जागचा मेकॅनिक येईल, बिघाड कुठे होता ते शोधेल, त्याला काही सापडणार नाही, आणि तो चांगल्या लिफ्टवर संशय घेत बसेल. हे मला सहन होईना. मी वळलो, मूठ उघडली आणि म्हटलं, "साहेब बरोबर बोलले. मुद्दाम नाही, पण लिफ्ट माझ्यामुळेच थांबली."

मी वॉचमनकडून देखभालीची वही मागितली आणि नेहमीच्या अक्षरात नोंद केली. तारीख, वेळ. बिघाड: लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधे थांबली. कारण: लेखकाची दोरी. उपाय: दोरी काढली, लेखकाला समज दिली. खाली सही. साहेबांनी ती नोंद दोनदा वाचली, पुस्तक पुरावा म्हणून जप्त केलं आणि मला या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असं सांगितलं. ते योग्यच होतं. टंकलेखिका बाईंनी मात्र त्या वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. मला वाटलं, त्यांच्या वकिलांना दाखवायला असेल.

घरी येऊन सगळं सांगितलं. तुझी भावजय आधी माझ्या पाठीला मलम चोळत बसली. मग म्हणाली, "लिहून दिलंत ते बरं केलंत. पण दोरी एवढी लांब कशाला सोडलीत?" दुसऱ्या दिवशी उरलेल्या सात इमारतींत जाऊन मी सगळी पुस्तकं सोडवून आणली. सात नव्हे, सहाच. सातव्या ठिकाणी नुसती दोरी लोंबत होती आणि पुस्तक गायब! ताई, माझं पुस्तक चोरीला गेलं! त्या दुःखाच्या दिवसातला तो एकमेव आनंदाचा क्षण. कोणीतरी दोरी कापून, पकडलं जाण्याची भीती पत्करून ते नेलं होतं. प्रकाशक बाईंना सांगितलं तर त्यांनी यंत्र थांबवून माझं अभिनंदन केलं.

तरी माझं मन उतरलंच होतं. भिंतीवरचा तक्ता उलटा करून ठेवला. सोमवारी ग्रंथालयात गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? साडेअकराला फोन वाजला. ग्रंथपाल बाई! अकरा सोमवार ज्यांनी मला परत पाठवलं त्या विचारत होत्या, "आज आला नाहीत? चहा गार होतोय." आणि मग हळूच, "लेखकाची दोरी म्हणजे तुम्हीच ना?" ताई, तो वहीच्या पानाचा फोटो गावभर झाला होता! टंकलेखिका बाईंच्या भाचीकडून भावाकडे, भावाकडून बँकेत, बँकेतून ग्रंथालयात. लोक म्हणत होते, आपल्याविरुद्ध नोंद करणारा लेखक कोण आहे ते बघू. ग्रंथपाल बाईंनी पुस्तक पहिल्याच सोमवारी रात्रीतून वाचून काढलं होतं. समितीची बैठक खरोखरच होत नव्हती, आणि माझी ये-जा त्यांना आवडायला लागली होती एवढंच. आता बैठक झाली. सोळा शाखांसाठी प्रती घेतल्या, आणि वाचकांसमोर मला बोलायला बोलावलं. मी तक्ता सुलटा केला.

मग काय विचारतेस! विमावाले स्वतः छापखान्यात येऊन कचेरीतल्या सगळ्यांसाठी प्रती घेऊन गेले. शाळेतून बोलावणं आलं. ग्रंथालयात खुर्च्या कमी पडल्या, आणि या वेळी कुठलाच ब्रेक न वाजल्यामुळे मनोगत मीच व्यक्त केलं. मंगळवारी दुकानात गेलो तर कथांच्या फळीवर पुस्तक नाही. पंपांकडे गेलो, तिथेही नाही. मालकांनी बोटानेच दाखवलं: काचेच्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून, दोन प्रती उभ्या! त्यांनी तरीही तोंड उघडलं नाही, पण त्यांचे डोळे हसत होते.

प्रकाशक बाई म्हणतात, हे नशीब. मी म्हणतो, नशीब खरं, पण ते ज्या शुक्रवारी आलं त्या शुक्रवारी मी तिथे हजर होतो, आणि त्याआधीचे बारा शुक्रवारही होतो. त्या यावर हसतात आणि दुसऱ्या आवृत्तीचा कागद मागवतात. दुसरी आवृत्ती, ताई! हे दोन शब्द लिहायला किती छान वाटतात ते मला आज कळलं.

भाचरांना आशीर्वाद, आणि तुला पुन्हा एकदा अर्धा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. एक बारीकसं काम होतं. तुला दिलेली पुस्तकाची प्रत उलट टपालाने पाठवून दे. दिलेली भेट परत मागणं शोभत नाही हे मला कळतं, पण घाई आहे. कारण विचारू नकोस.

ता. क. दुसरा. तू विचारणारच, म्हणून सांगतो. सकाळी अकराला प्रती खरं तर संपलेल्या होत्या, चारशे नव्याण्णववर. तेवढ्यात एक उंच बाई छत्री आपटत आत आल्या, पुस्तक आत्ताच हवं, त्यांची बस सुटत होती. मी उत्साहाच्या भरात माझ्या पिशवीतली प्रत काढून दिली. ती माझी दुरुस्तीची प्रत होती! पुस्तक निघालं त्या आठवड्यात तू फोनवर सलग एक तास दहा मिनिटं जे जे सुनावलं होतंस ते सगळं मी तिच्या समासात पेन्सिलीने उतरवून ठेवलं होतं, दुसरी आवृत्ती त्यावरून सुधारायची म्हणून. बाईंचं नाव विचारायचं राहिलं. तुझ्या प्रतीत तू तेच सगळं लाल शाईने लिहून ठेवलेलं असणार, याची मला खात्री आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. त्या उंच बाईंचा छापखान्यात फोन आला होता. प्रत परत देणार नाहीत म्हणाल्या. त्यांच्या मते छापलेला मजकूर बरा आहे, पण समासात ज्या कोणी बाई बोलतात त्या थोर आहेत. पान बेचाळीसवर मी लिहिलं आहे की त्या क्षणी माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि बाजूला तुझं वाक्य आहे, 'लहानपणी झाडावरून पडलास तेव्हासुद्धा रडला नाहीस, थापा मारू नकोस.' तिथे त्या इतक्या हसल्या की उतरायचा थांबा मागे गेला. हे ऐकून प्रकाशक बाईंनी कागदाची मागणी वाढवली आहे. त्यांचं म्हणणं, दुसरी आवृत्ती समासासकट छापायची आणि मुखपृष्ठावर दोन नावं घालायची. माझा होकार आहे. (थोडा वेळ लागला, पण आहे.) तेव्हा प्रत पाठव, त्यातलं एक अक्षरही पुसू नकोस, आणि सोबत तुझी परवानगी पाठव. नाही म्हणायचं असेल तर कारणांसकट सविस्तर लिही. तेही समासात छापू.